‘थांबायचं नाही’ असं मी ओरडत होतो

दर रविवारी फजरनंतर कोंढव्यातल्या एका रिकाम्या प्लॉटवर आम्ही पंचवीस-तीस जण जमतो. प्लॉट म्हणजे मुरूम, दोन बाभळी, एका बाजूला पत्र्याचं कुंपण आणि दुसऱ्या बाजूला चहाची टपरी. साडेसहाला सुरुवात, सव्वासातला शेवट. शेवटची पाच मिनिटं ‘मेसेज’साठी राखलेली. व्यायाम घेणारा मी, आणि मेसेज देणाराही मीच.

मी काही ट्रेनर नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. आठवड्यातले पाच दिवस खुर्चीत बसतो, प्रोडक्शनला काही पडलं तर रात्री दोनलाही बसतो. बत्तिसाव्या वर्षी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझी एचबीएवनसी ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण दारात उभा आहे. माझे अब्बा टिंबर मार्केटमध्ये आयुष्यभर फळ्या उचलून एकोणसाठाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, त्यामुळे ‘दारात’ हा शब्द मला नीट कळला. मी एकट्याने सुरुवात केली, मग शेजारचे दोघे आले, मग त्यांचे भाऊ. आपल्या मोहल्ल्यात कुठलीही गोष्ट अशीच वाढते.

मेसेज मी रील्समधून उचलत असे. तुम्हीही ऐकले असतील तसले. दुखलं तरी चालत राहा, झोपलेले हरतात, सबबी सांगणारे मागे राहतात. त्यात आपल्या कौमची थोडी फोडणी: बिर्याणी खाऊन सोफ्यावर पडणारी उम्मत, तरुणांनी उठायला हवं, वगैरे. टाळ्या पडायच्या. खरं सांगतो, टाळ्या मला आवडायला लागल्या होत्या. ऑफिसात कोण आपल्यासाठी टाळ्या वाजवतं?

मग दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातला तो रविवार. एक रिक्षावाले चाचा, साठीच्या आसपासचे, तिसऱ्यांदाच आले होते. बैठका चालू होत्या. विसाव्या बैठकीला ते गुडघ्यावर हात टेकून थांबले. मी पुढून ओरडलो, ‘‘चाचा, थांबायचं नाही! अजून दहा!’’ सगळ्यांनी मोजायला सुरुवात केली. चाचांनी आणखी सहा मारल्या आणि मग मुरमावरच बसले. कपाळावर थंड घाम, हात थरथरत होते आणि बोलणं तुटक, भलतंच. मला वाटलं, अटॅक. माझे स्वतःचे पाय गळाले, कारण मी अब्बांना असंच बसलेलं पाहिलं होतं.

आमच्यात एक नर्सिंग शिकणारी मुलगी यायची, तिच्या अम्मीबरोबर कडेकडेने चालायला. ती धावत आली आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘चाचा, शुगरची गोळी घेतलीत का?’’ घेतली होती. फजरला उठून गोळी घेतली, नाश्ता नंतर करू म्हणून उपाशीपोटी आले. तिने टपरीवरून साखर आणायला लावली, तीन चमचे पाण्यात ढवळून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांत चाचा माणसात आले. मला पाहून ओशाळले आणि म्हणाले, ‘‘बेटा, तू बोला रुकना नहीं. मैं रुकता तो सब के सामने शर्मिंदगी होती.’’

त्या दिवशी मी मेसेज दिला नाही. पुढचे तीन रविवार गेलोच नाही.

हा लेख त्या वाक्यासाठी लिहितोय. हल्ली पुण्यात जिकडे तिकडे सकाळचे ग्रुप आहेत. तळजाईवर, रेसकोर्सजवळ, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये. आपल्या वस्त्यांतही सुरू होतायत, आणि ती आनंदाची गोष्ट आहे. पण पुढे उभा राहणारा जे बोलतो त्याची जबाबदारी कोणाची, हे कोणी विचारत नाही. आपल्याला वाटतं, चार उत्साहाचे शब्द आहेत, त्यांनी काय बिघडतं? बिघडतं. गटात माणूस स्वतःच्या शरीराचं ऐकत नाही, पुढच्याचं ऐकतो. आपल्याकडे तर समोर उभं राहून बोलणाऱ्याला मान द्यायची सवय लहानपणापासूनची. लोक व्यायामाला उभे राहतातही जवळजवळ सफ लावल्यासारखेच, खांद्याला खांदा. तिथून एकट्याने बाहेर पडणं सोपं नसतं. म्हणून पुढच्याच्या तोंडी ‘थांबायचं नाही’पेक्षा ‘थांबलात तर चालेल’ हे वाक्य जास्त कामाचं आहे. त्याला टाळ्या पडत नाहीत, तेवढं सोसायचं.

मी परत आलो तेव्हा त्या मुलीला विचारलं, काय काय सांगायला हवं. तिने जे सांगितलं ते इथे लिहितो, कारण तुमच्यापैकी कोणी ना कोणी उद्या असा ग्रुप चालवणार आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर रिकाम्या पोटी जोराचा व्यायाम केल्याने साखर धोकादायक खाली जाऊ शकते. शुद्धीत असेल तर पंधरा ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे साधारण तीन चमचे, आणि पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बघायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम फुटणं, यातलं काहीही झालं तर तिथेच सगळं बंद. आणि जोर किती लावायचा, याचं सोपं माप म्हणजे व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. शेजाऱ्याशी दोन वाक्यंही बोलता येत नसतील तर तुमचा वेग जास्त आहे. आता मी मधेच कोणाला तरी विचारतो, काल जेवायला काय होतं? ‘खिचडा’ एवढंच म्हणून जो दम घेतो, त्याला बसवतो.

त्यानंतर माझ्या मेसेजमध्ये रील्सच्या जागी पुण्यातल्याच गोष्टी आल्या. केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय दिसायला बारीक, आतून चरबीदार, हे समजून घेण्यातलं मोठं काम याच शहरात झालं. आजूबाजूच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा याज्ञिकांनी १९९३ पासून अभ्यास केला. बाळ आईच्या पोटात असल्यापासूनच हा स्वभाव ठरायला लागतो, असं त्यातून पुढे आलं. हे ऐकल्यावर आमच्यातला एक काटकुळा मेकॅनिक, जो ‘अपने को क्या होता?’ म्हणत कडेला उभा असायचा, तो दुसऱ्या दिवशी शुगर तपासून आला. तुझी पाठ बघ, पोट बघ, लाज बाळग, असं ओरडून तो कधीच गेला नसता.

२०२३ मध्ये आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासाने सांगितलं की भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींच्या वर लोक माझ्यासारखे दारात उभे आहेत. हे एका कौमचं दुखणं नाही. म्हणून मेसेजमधली ती ‘उम्मत सोफ्यावर पडलीय’वाली फोडणी मी काढून टाकली. बाहेरचे आपल्याला कमी बोलतात का, की आपणही रविवारी सकाळी आपल्याच माणसांना नावं ठेवावीत? आणि ती खोटीही आहे. दिवसभर रिक्षा चालवणारा, वेल्डिंग करणारा, चौथ्या मजल्यावर सिलिंडर चढवणारा माणूस आळशी नसतो, थकलेला असतो.

आता बायकांचं. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या आकड्यांनुसार भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नाही. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. आमच्या प्लॉटवर हा फरक डोळ्यांनी दिसायचा. पुरुष मधोमध उड्या मारतायत आणि बायका पत्र्याच्या कडेने, चपला घालून, गप्पा मारत चालतायत. मी त्यांना कधी बोलावलं नव्हतं. मनात होतं की त्यांना अवघडल्यासारखं होईल, लोक बोलतील. चाचांच्या प्रसंगानंतर एका शाळेतल्या शिक्षिका आपांना मी सरळ विचारलं, तुम्ही का येत नाही? आडोसा करू का, पडदा बांधू का?

त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘पडदा राहू दे. जवळ टॉयलेट नाही, प्यायला पाणी नाही, आणि साडेसहाला कोपऱ्यावर लाइट नसतो. आणि मुलांचे डबे सातला लागतात, ते तू बघणार का?’’

चार कारणं, आणि चारांतलं एकही माझ्या डोक्यात नव्हतं. मी आयुष्यभर युजरला न विचारता फीचर बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या, आणि इथे तेच करून बसलो होतो. शेवटी बायकांनी स्वतः ठरवलं: शनिवारी संध्याकाळी, मगरिबच्या आधी, शाळेच्या आवारात, कारण तिथे टॉयलेट आहे. ज्यांना रविवारी सकाळी यायचंय त्या सकाळी येतात, कोणी बुरख्यात, कोणी ट्रॅकपँटमध्ये. शनिवारचा व्यायाम त्या आपाच घेतात. मोजणी त्या मराठीत करतात, माझ्यासारखी ‘वन-टू’ नाही. दोन-तीन बुजुर्गांनी मला बाजूला घेऊन समजावलं की मर्दांसमोर औरतांनी हात-पाय हलवणं बरं दिसत नाही. मी एवढंच म्हणालो की ज्यांना बरं दिसत नाही त्यांनी तिकडे बघू नये. उद्धट झालं का? झालं असेल. पण बघणाऱ्याची अडचण झाली म्हणून चालणारीनेच घरी बसायचं, हा हिशोब मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

एक दिवस बीटवरचा हवालदार आला. तीस माणसं, त्यातले दहा-बारा दाढीवाले, पहाटे रांगेत उभे राहून एकसाथ हात वर करतायत, हे लांबून कोणीतरी पाहिलं आणि फोन केला असावा. ‘‘कसलं ट्रेनिंग चाललंय?’’ त्याने विचारलं. मी म्हणालो, पोट कमी करायचं. तो हसला नाही. नावं लिहून घेतली, फोटो काढला, निघून गेला. पुढच्या रविवारी आम्ही अकराच होतो.

तेव्हा मला केरळची गोष्ट माहीत नव्हती, नंतर कळली. मलप्पुरम जिल्ह्यात कोंडोट्टीजवळ २०१२ साली निमलष्करी दलातून निवृत्त झालेल्या एका जवानाने ‘मेक-सेव्हन’ नावाचा सकाळचा व्यायाम सुरू केला. एकवीस मिनिटांत एकवीस प्रकार, फी नाही, मैदानात सगळ्यांसमोर. मलबारभर तो पसरला, हिंदू-मुसलमान, बाया-पुरुष सगळे येऊ लागले. डिसेंबर २०२४ मध्ये सत्ताधारी माकपच्या कोझिकोड जिल्हा सचिवांनी यामागे जमाते इस्लामी आणि बंदी असलेली पीएफआय आहे, असा आरोप केला. टीका झाल्यावर त्यांनी सारवासारव केली. आणि त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने सुन्नी उलेमांच्या एका मोठ्या गटाने स्त्री-पुरुष एकत्र व्यायाम करतात, यावर आक्षेप घेतला. म्हणजे एकवीस मिनिटं हात-पाय हलवले तर एकाला त्यात कट दिसला आणि दुसऱ्याला गुनाह. व्यायाम करणारे बिचारे मधे उभे!

यावर आपण काय करायचं? माझे काही मित्र म्हणतात, तिरंगा लावा, फोटो टाका, दोन नगरसेवकांना बोलवा, म्हणजे कोणी शंका घेणार नाही. मला ते पटत नाही. तिरंगा १५ ऑगस्टला आम्ही लावतोच. पण रविवारच्या उठाबशांसाठी चारित्र्याचा दाखला का जोडायचा? शेजारच्या सोसायटीतले लोक प्राणायाम करतात, त्यांना कोणी विचारत नाही. त्यांनाही विचारू नये, आम्हालाही विचारू नये. मात्र दार उघडं ठेवायचं, हे आम्ही पक्कं केलं. भीतीने बंद खोलीत, टेरेसवर गेलो असतो तर शंकेला खतपाणीच मिळालं असतं. आम्ही त्याच प्लॉटवर, त्याच वेळेला येत राहिलो. पलीकडच्या गणेश मंडळातली चार पोरं येतात, त्यांतला एक तालमीतला आहे आणि जोर कसा मारायचा ते आता तोच शिकवतो. माझी कंबर वर राहते म्हणतो. राहते.

त्याच पोराने एकदा निरागसपणे विचारलं, तुम्ही सूर्यनमस्कार घालत नाही ना? सगळे माझ्याकडे बघायला लागले. हा प्रश्न आपल्याला शाळेपासून चिकटलेला आहे. २०१५ च्या पहिल्या योगदिनाआधी यावर वाद झाला, जानेवारी २०२२ मध्ये शाळांतल्या सूर्यनमस्कारांच्या कार्यक्रमाला मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने विरोध केला, तेव्हाही झाला. माझं मत सांगतो. वाकणं, हात टेकणं, पाय मागे नेणं, छाती वर करणं या शरीराच्या हालचाली आहेत. आज घातले जातात तसे सूर्यनमस्कार घरोघर पोचवायला औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिवाचं रान केलं, आणि त्यांचा भर तब्येतीवरही तेवढाच होता. मी मंत्राशिवाय त्या हालचाली करतो, मला काही होत नाही. माझ्या शेजारी उभा असलेला माझा चुलतभाऊ करत नाही, तो तेवढ्या वेळात प्लँक धरतो. दोघांनाही घाम येतो. सरकारने सक्ती केली तर मी चुलतभावाच्या बाजूने उभा राहीन, आणि मौलानांनी मनाई केली तर माझ्या स्वतःच्या. त्या पोराला हे कितपत कळलं माहीत नाही, तो म्हणाला, ‘‘बरं, जोर तर मारा.’’

मराठी मुसलमानाने मैदानात अनोळखी वाटावं, असा आपला इतिहासही नाही. सोलापूरजवळच्या बोरामणीच्या शेखांच्या एका घरात तीन महाराष्ट्र केसरी झाले: इस्माईल शेख १९८० साली, आप्पालाल शेख १९९२ साली आणि मुन्नालाल शेख २००२ साली. लाल मातीत त्यांना कोणी ‘कसलं ट्रेनिंग’ विचारलं नसेल. मी हे चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, आप्पालालची कुस्ती मी बघितलीय. मग पुढची दहा मिनिटं मेसेज त्यांनीच दिला.

महापालिकेच्या निवडणुकीचं वारं सुटलं तेव्हा एक इच्छुक आले. पन्नास टी-शर्ट देतो, पुढे ग्रुपचं नाव, मागे माझा फोटो. आमच्यातल्या निम्म्यांना टी-शर्ट हवे होते, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही, चांगलं कापड होतं. मी म्हणालो, टी-शर्ट राहू द्या, हे मैदान आम्हाला कायमचं मिळवून द्या. ते पुन्हा दिसले नाहीत.

खरा प्रश्न तिथेच आहे. आम्ही ज्या प्लॉटवर उभे राहतो तो कोणाचा, हे आम्हाला माहीतच नव्हतं. उद्या तिथे इमारत उभी राहिली की ग्रुप संपला. कोंढव्यात इमारती खेटून वाढल्या, पोरं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतात आणि काच फुटली की मार खातात. शहराच्या विकास आराखड्यात मैदानं, बागा, दवाखाने यांच्यासाठी जागा आरक्षित असतात. पण नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. व्यपगत म्हणजे मैदान गेलं. हे होताना ढोल वाजत नाही. एक मुदत संपते, एवढंच. आपण जलशांना, जुलूसला हजारांनी जमतो, पण आपल्या वॉर्डाच्या आराखड्याचा नकाशा किती जणांनी उघडून पाहिलाय? मीही छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला.

आता मेसेजची पाच मिनिटं आम्ही वाटून घेतलीत. एका रविवारी ती नर्सिंगची मुलगी बीपीवर बोलते, एका रविवारी वकिलीचं शिकणारा एक जण माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा ते सांगतो. साधा कागद, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. बयान देऊ का, असं एका हाफिजसाहेबांनी विचारलं होतं. त्यांना म्हटलं, मशिदीत आम्ही तुमचं ऐकतोच, इथे तुम्ही आमच्याबरोबर बैठका मारा. ते खरंच आले. पंधरा मारतात, मग बसतात, आणि बसताना कोणाकडे बघत नाहीत.

आपल्या भागात अकरा आरक्षणं कोणत्या अवस्थेत आहेत, हे विचारणारे अकरा अर्ज आम्ही केलेत. चार उत्तरं आलीत. त्यातल्या दोन जागा ताब्यात आहेत, एका जागेवर गोदाम आहे आणि एकीचं उत्तर वाचून काहीच कळत नाही, तेव्हा अपील करायचंय. अपील कोण लिहिणार, हे या रविवारी व्यायामानंतर ठरेल. साडेसहा वाजता, नेहमीच्या जागी. ज्यांना शुगरची गोळी चालू आहे त्यांनी काहीतरी खाऊन यावं. साखरेचा डबा टपरीवर ठेवलेला आहे, वरच्या फळीवर, डाव्या हाताला.